एका सुरात तीन पिढ्या

सामूहिक गायनात गायक आणि श्रोते अशी विभागणी नसते. जमलेले सारेच गातात. कोणी सुरात गातो, कोणी थोडा बाजूला जातो, पण गाणे सर्वांचे असते. वृद्ध, तरुण आणि मुले यांनी नियमितपणे एकत्र बसून गावे आणि त्यातून सर्वांचेच मनःस्वास्थ्य राखले जावे, या हेतूने गेल्या काही दशकांत इंग्लंड, अमेरिका आदी देशांत अनेक उपक्रम सुरू झाले. 'आंतरपिढी उपक्रम' हा शब्द मराठीला नवा असला, तरी त्यामागील गोष्ट आपल्याला परिचयाची आहे. भजनी मंडळ, काकडा, हरिनाम सप्ताह, लग्नघरातील धवले, मंगळागौरीचे जागरण ही तिचीच रूपे होत. जुनी गावे आणि नवे टॉवर शेजारी-शेजारी उभे असलेल्या भाईंदर पश्चिमेच्या संदर्भात या विषयाचा विचार केल्यास, काय हाताशी आहे आणि काय निसटत आहे, हे दोन्ही स्पष्ट दिसते.

गाव आणि शहर यांच्या सीमेवर

पश्चिम रेल्वेच्या भाईंदर स्थानकाच्या पश्चिमेस बाहेर पडले की प्रथम दाट वस्तीचे शहर लागते. तेथून उत्तनच्या दिशेने जाताना राई, मुर्धा, मोर्वा, डोंगरी ही गावे येतात आणि रस्ता समुद्राशी पोचतो. मिठागरे, भातशेती आणि मासेमारी यांवर हा पट्टा पिढ्यान्‌पिढ्या जगला. आगरी, कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती हे येथील जुने रहिवासी. पुढे मुंबईत घर न परवडणाऱ्या कुटुंबांनी हे शहर वाढविले. २००१च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या ५ लाख २० हजार होती. २०११मध्ये ती ८ लाख ९ हजारांवर गेली. कोकणातील चाकरमानी, गुजराती, मारवाडी, उत्तर भारतीय असे नाना भाषांचे लोक येथे आले.

या वाढीचा एक परिणाम लोकसंख्येच्या आकड्यांत दिसत नाही. नोकरीसाठी पहाटेची लोकल पकडणारे आई-वडील, शाळा आणि शिकवणीत अडकलेली मुले आणि दिवसभर सदनिकेत एकटे असणारे आजी-आजोबा, असे घराचे तीन भाग होतात. ज्येष्ठांसाठी कट्टा, मुलांसाठी छंदवर्ग, तरुणांसाठी व्यायामशाळा अशा सोयी होतात. पण प्रत्येक सोय एकाच वयासाठी असते. तीन पिढ्यांनी एकत्र काही करावे, अशी जागा मात्र सहसा कोणी आखत नाही. २०११च्या जनगणनेनुसार देशात साठी ओलांडलेल्यांची संख्या १० कोटींहून अधिक होती आणि ती वाढतच आहे. एकाकीपणा हा या वयातील मोठा आजार ठरू पाहत असताना ही उणीव क्षुल्लक म्हणता येणार नाही.

भजनी मंडळाची रचना

भजनी मंडळाकडे केवळ भक्तीचा प्रकार म्हणून पाहिले, तर त्याच्या रचनेतील शहाणपण नजरेतून सुटते. बुवा किंवा मुख्य गायक चरण म्हणतो आणि बाकीचे ध्रुपद उचलतात. त्यामुळे ज्याला संपूर्ण अभंग पाठ नाही, तोही पहिल्याच दिवशी गाण्यात सामील होऊ शकतो. दहा वर्षांचा मुलगा ध्रुपदापासून सुरुवात करतो आणि काही वर्षांत चरणही त्याच्या ओठांवर येतात. स्मरण कमी झालेल्या आजोबांनाही तेच ध्रुपद आधार देते. ज्यांना गाता येत नाही, त्यांच्या हाती टाळ असतो. पखवाज, पेटी, वीणा, टाळ, कोरस या प्रत्येक कामात वयापेक्षा सरावाला महत्त्व आहे.

अखंड हरिनाम सप्ताहात ही रचना अधिकच स्पष्ट होते. सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते. ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते आणि प्रत्येकाला ठरावीक वेळेचा पहारा असतो. पहाटे काकडा, सायंकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि शेवटच्या दिवशी काला, असा क्रम ठरलेला असतो. पहाऱ्याची वेळ आली की वृद्धालाही जावेच लागते, कारण त्याची जागा रिकामी राहून चालत नाही. 'आपल्यावाचून कोणाचे तरी अडते' ही जाणीव उतारवयात फार मोलाची असते. मनोरंजनाच्या कार्यक्रमात खुर्चीवर बसवून केलेल्या सत्कारातून ती मिळत नाही.

धवलारणीचा मान

ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतील आगरी समाजात लग्नविधींच्या वेळी धवले गाणारी ज्येष्ठ स्त्री 'धवलारीण' म्हणून ओळखली जाते. मांडव, हळद, तेल अशा प्रत्येक टप्प्याचे गाणे वेगळे असते आणि पुढचा विधी कोणता, हे तिच्या गाण्यावरून कळते. म्हणजे ही स्त्री केवळ गायिका नसून विधीची सूत्रधार असते. 'धवळे' हा शब्द मराठीत फार जुना आहे. तेराव्या शतकात महानुभाव पंथातील महदंबा हिने रचलेले विवाहप्रसंगीचे धवळे प्रसिद्ध असून, तिला मराठीतील आद्य कवयित्रींत मानाचे स्थान दिले जाते.

धवलारणीचे ज्ञान प्रामुख्याने मौखिक असते. तिच्यासोबत बसणाऱ्या सुना-लेकींनी ओळी मागे म्हणायच्या आणि म्हणता म्हणता शिकायच्या, हीच तिची शाळा. हळदीच्या रात्री डीजेचा आवाज वाढला, तसा या शाळेचा वर्ग सुटत गेला. भ्रमणध्वनीवर एखाद्या आजीची गाणी ध्वनिमुद्रित करून ठेवणे उपयुक्त आहे. परंतु मुद्रणामुळे शब्द राहतात, बसण्याची सवय राहत नाही. ओळ मागे म्हणणारी नात नसेल, तर धवलारीण समाजातील जाणती न राहता केवळ माहिती देणारी वृद्धा उरते.

उत्तन-डोंगरी पट्ट्यातील ईस्ट इंडियन समाजातही लग्नातील गाण्यांची अशीच परंपरा आहे. लग्नाआधी वाजतगाजत विहिरीवर जाऊन पाणी आणण्याच्या 'उंबराचं पाणी' या विधीत घरातील आणि शेजारच्या स्त्रिया आपल्या मराठी बोलीत गातात. घुमट हे या समाजाचे आवडते वाद्य. चर्चमधील गायकवृंदातही निरनिराळ्या वयांचे आवाज एकत्र येतात. नव्या वसाहतींतील गुजराती गरबा, सुंदरकांडाचा पाठ, कोकणी मंडळींची जाखडी यांचाही याच संदर्भात विचार करावा लागेल. धर्म आणि भाषा वेगवेगळ्या असल्या, तरी एक सूर धरून अनेकांनी गाण्याची रीत सर्वत्र आढळते.

देवघराबाहेरचे गाणे

सामूहिक गायन धार्मिकच असले पाहिजे असे नाही. महाराष्ट्रात त्याची दुसरीही परंपरा आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९-१९६८) सामुदायिक प्रार्थनेचा प्रसार केला. जातपात बाजूला ठेवून गावाने एकत्र बसावे, हा त्यामागील आग्रह होता. १९४१ साली स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाने समूहगीते आणि कलापथक यांच्या द्वारे तरुणांना एकत्र आणले. सार्वजनिक गणेशोत्सवातील मेळ्यांनीही गाणे दिवाणखान्यातून रस्त्यावर आणले. बहुभाषक शहरात सर्वांनी मिळून गाण्यासाठी भक्तिगीतांबरोबरच चित्रपटगीते, भावगीते आणि लोकगीते निवडण्यास हरकत नसावी.

संशोधन काय सांगते

गाताना श्वास दीर्घ आणि नियमित होतो. स्वीडनमधील गोथेनबर्ग विद्यापीठात ब्यॉर्न विकहॉफ आणि सहकाऱ्यांनी २०१३मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाची गती श्वासाच्या लयीबरोबर एकाच वेळी वाढते आणि उतरते, असे दिसले. मात्र हा अभ्यास लहान गटावरचा होता.

वृद्धांबाबतचा अधिक काटेकोर पुरावा इंग्लंडमधील केंट परगण्यातून मिळतो. तेथे साठी ओलांडलेल्या २५८ व्यक्तींची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटाने १४ आठवडे दर आठवड्याला एकत्र गायन केले. दुसऱ्याचा नेहमीचा दिनक्रम चालू राहिला. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, गाणाऱ्या गटातील चिंता आणि नैराश्य तीन महिन्यांच्या टप्प्यावर तुलनेने कमी आढळले. मानसिक आरोग्याशी निगडित जीवनमानातील फरक सहा महिन्यांनंतरही टिकून होता.

त्याच वर्षी ऑक्सफर्डच्या संशोधकांनी प्रौढांच्या गायन, हस्तकला आणि लेखन वर्गांची तुलना केली. सात महिन्यांअखेर सर्वच वर्गांत जिव्हाळा निर्माण झाला होता. पण गाणाऱ्यांत तो फार लवकर जुळला. अनोळखी माणसांना जवळ आणण्याचा गाणे हा जलद मार्ग आहे, असा याचा अर्थ. ज्या इमारतीत समोरच्या दारावरील पाटीपलीकडे ओळख नसते, तेथे हा निष्कर्ष विशेष महत्त्वाचा ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९मध्ये तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेऊन कला आणि आरोग्य यांचा संबंध नोंदविला. इंग्लंडच्या आरोग्यसेवेत तर डॉक्टर रुग्णाला औषधाबरोबरच एखाद्या गायनगटाकडे किंवा बागकामाच्या मंडळाकडेही पाठवू शकतात.

मर्यादांचे भान

गाण्याविषयी अवाजवी दावे करणे मात्र योग्य नाही. सॅन फ्रान्सिस्को येथे १२ ज्येष्ठ नागरिक केंद्रांतील ३९० व्यक्तींवर सहा महिने चाललेल्या प्रयोगात एकाकीपणा कमी झाला आणि जगण्यातील रस वाढला. परंतु स्मरणशक्तीसारख्या बौद्धिक क्षमतांत किंवा शारीरिक बळात उल्लेखनीय फरक पडला नाही. त्यामुळे गायन हा विस्मरणाच्या आजारावरील उपचार नव्हे आणि रक्तदाबाच्या गोळीला पर्यायही नव्हे. नैराश्य तीव्र असेल, झोप आणि भूक हरपली असेल, तर डॉक्टरांचा सल्ला घेणेच इष्ट. मानसिक आरोग्यासाठी 'टेलि-मानस'चा १४४१६ आणि ज्येष्ठांसाठी 'एल्डरलाइन'चा १४५६७ हे शासकीय मदत क्रमांक उपलब्ध आहेत.

परंपरेच्या मर्यादाही लक्षात घ्याव्यात. जुनी भजनी मंडळे बहुधा पुरुषांची होती आणि स्त्रियांची मंडळे वेगळी उभी राहिली. काही ठिकाणी स्पर्धा आणि डबलबारीच्या चढाओढीत नवशिक्याला जागाच उरत नाही. ज्याला 'बेसूर' म्हणून एकदा गप्प बसविले, तो पुन्हा येत नाही.

मंडळ सुरू करताना

गृहनिर्माण संस्थेत किंवा गावातील समाजमंदिरात असा उपक्रम सुरू करावयाचा झाल्यास खर्च फारसा येत नाही. सातत्य मात्र लागते. त्यासाठी पुढील बाबी उपयोगी पडाव्यात.

वार आणि वेळ : आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, तासभर पुरेसे आहे. शाळा सुटल्यानंतरची आणि अंधार पडण्यापूर्वीची वेळ मुलांना आणि वृद्धांना दोघांनाही सोयीची.

जागा : तळमजल्यावरील किंवा लिफ्ट असलेली जागा निवडावी. मांडी घालून बसणे शक्य नसलेल्यांसाठी खुर्च्या असाव्यात आणि त्या सतरंजीच्या मागे न ठेवता वर्तुळातच ठेवाव्यात.

सूर : वयानुसार बहुतेक स्त्रियांचा आवाज खाली उतरतो, मुलांचा उंच असतो. पेटीवरील पट्टी सर्वांत वृद्ध आवाजाला झेपेल अशी ठेवावी. मुले वरच्या सप्तकात सहज गातात. ऐकू कमी येणाऱ्यांना पेटीजवळ बसवावे. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांच्या कानाशी टाळ नको.

शब्द : गाण्याचे शब्द ठळक, मोठ्या अक्षरांत छापावेत. मराठी न वाचणाऱ्यांसाठी ते त्यांच्या लिपीतही द्यावेत.

कामाची वाटणी : प्रत्येकाला काम हवे. आजींनी एक जुने गाणे शिकवावे, मुलांनी एक नवे. हजेरी, पाणी, टाळांची पिशवी ही कामे आळीपाळीने द्यावीत.

ध्वनिक्षेपक : तो टाळावा. माईक आला की एक गायक होतो आणि बाकीचे श्रोते होतात. शिवाय शेजाऱ्यांची तक्रारही येत नाही.

अनुपस्थिती : सलग दोन वेळा कोणी आले नाही, तर तिसऱ्या दिवशी कोणीतरी त्यांच्या घरी जावे. मंडळाचे निम्मे काम या भेटीत आहे.

वार्षिक कार्यक्रम करण्याचा मोह सुरुवातीस आवरावा. कार्यक्रमाच्या तालमीत चांगले गाणारे पुढे येतात आणि बाकीचे मागे पडतात. केंटमधील गटाला लाभ झाला तो दर आठवड्याच्या बैठकीमुळे. भजनी मंडळ आणि धवलारीण यांचीही ताकद त्याच बैठकीत आहे.

भाईंदर पश्चिमेस या कामासाठी बाहेरून काही आणण्याची गरज नाही. राई-मुर्ध्याच्या गावठाणात टाळ धरणारे हात आहेत, उत्तनच्या घरांत बोलीतील गाणी आहेत, टॉवरमध्ये रिकाम्या दुपारी आहेत आणि शाळेतून परतणारी मुले आहेत. धवलारणीची ओळ मागे म्हणण्यासाठी मात्र ती म्हणणारी असेपर्यंतच जाऊन बसावे लागेल.