कोवलमच्या लाटा

केरळातलं प्रसिद्ध कोवलम नव्हे हं! हे चेन्नईच्या दक्षिणेला सुमारे ४० किलोमीटरवर असलेलं कोळ्यांचं गाव. मी पोचलो तेव्हा चारदोन मुलं फळ्या घेऊन लाटांवर स्वार होत होती, बाकी सगळं शांत.

इथे ऑस्टेंड कंपनीची वखार होती. १७२२ ची सनद, आणि १७३१ च्या व्हिएन्ना तहात कंपनीच बंद! पुढे १७५२ मध्ये क्लाइव्हने इथला किल्ला फ्रेंचांकडून जिंकला.

पुस्तकांत एवढंच सापडतं. पण ओंडके बांधलेल्या ‘कट्टुमरम’वरून इथले कोळी पिढ्यानपिढ्या लाटा फोडून आत जात आणि लाटेवरच परतत. इंग्रजांनी त्या शब्दाचं ‘कॅटामरान’ केलं. लाटांवर स्वार व्हायचं शिक्षण या गावाला नवं नाही, एवढं मात्र खरं.