खगोल परिषदेचे निमंत्रण

खगोलशास्त्राच्या मोठ्या परिषदेत कोणते विषय चर्चिले जाणार, हे परिषद भरण्याच्या बऱ्याच आधी ठरते. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटना (आयएयू) साधारणपणे दर तीन वर्षांनी आपली महासभा भरविते. तत्पूर्वी संशोधकांकडून परिसंवादांचे प्रस्ताव मागविण्यात येतात. प्रस्ताव स्वीकारला गेला की त्या सत्राची शास्त्रीय संयोजन समिती विषयाचा आढावा घेऊ शकतील अशा वक्त्यांना बोलाविते. इतर संशोधक आपल्या कामाचा सारांश पाठवितात. त्यांतील काहींना व्याख्यानाची वेळ मिळते, तर बाकीचे भित्तिपत्रांद्वारे निष्कर्ष मांडतात. वक्ते निवडताना देश, वय आणि स्त्री-पुरुष यांचा समतोल पाहिला जातो. गरजूंना प्रवासखर्चासाठी अनुदानही देण्यात येते.

निमंत्रण कोणाला द्यावयाचे, हा प्रश्न या संघटनेच्या जन्माइतकाच जुना आहे. १९१९ साली ब्रुसेल्स येथे ती स्थापन झाली, तेव्हा पहिल्या महायुद्धातील पराभूत राष्ट्रांना तिचे दरवाजे बंद होते. १९२२ साली रोम येथे पहिली महासभा भरली, ती जर्मनीविना. जर्मनीला सदस्यत्व मिळण्यास १९५१ साल उजाडले.

सभागृहात कोण उपस्थित आहे, याला किती महत्त्व असते, हे प्राग येथील २००६ च्या महासभेत दिसून आले. प्लूटोचे ग्रहपद काढून घेणारा ठराव २४ ऑगस्ट रोजी, अखेरच्या दिवशी मतास आला. तोवर अनेक प्रतिनिधी परतले होते. संघटनेचे नऊ हजारांहून अधिक सदस्य असताना जेमतेम सव्वाचारशे जणांनी मतदान केले. त्या पद्धतीवरही टीका झाली. पुढे २०१८ साली हबल यांच्या नियमास ‘हबल-लमेत्र नियम’ म्हणण्याचा ठराव सर्व सदस्यांपुढे इलेक्ट्रॉनिक मतदानासाठी ठेवण्यात आला. ११,०७२ पैकी ४,०६० जणांनी मत नोंदविले. ७८ टक्के अनुकूल होते.

भारताने १९८५ साली नवी दिल्ली येथे एकोणिसाव्या महासभेचे यजमानपद भूषविले. त्याच सुमारास पौर्वात्य खगोलशास्त्राच्या इतिहासावरील स्वतंत्र परिसंवादही तेथे झाला. १९८८ साली डॉ. जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात ‘आयुका’ स्थापन झाली. विद्यापीठांतील अध्यापकांना सहयोगी म्हणून बोलाविण्याची प्रथा तिने रुजविली. त्यामुळे वेधशाळेपासून दूर असलेल्या महाविद्यालयांतील शिक्षकांनाही संशोधनाच्या प्रवाहात येता आले. १९७२ साली स्थापन झालेल्या भारतीय खगोलशास्त्रीय संस्थेच्या वार्षिक सभेत त्यांना व त्यांच्या विद्यार्थ्यांना आपले काम मांडता येते.

आफ्रिका खंडात महासभा भरण्यास मात्र २०२४ साल यावे लागले. केप टाउन येथील त्या महासभेत प्रत्यक्ष येऊ न शकणाऱ्यांसाठी आंतरजालावरून सहभागाची सोय होती. निमंत्रण हाती असूनही प्रवासखर्च आणि व्हिसा यांपायी घरी राहावे लागणाऱ्या संशोधकास अशा सोयीचे मोल अधिक वाटते.