गढूळ पाणी आणि पंपाची ग्लँड

बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या भवानीनगरपासून समुद्र लांब, आणि वाटेत सह्याद्री आडवा. तरीसुद्धा खाडीच्या मुखाशी उथळ पाण्यातून चाललेल्या जहाजाच्या पंपाला जो शत्रू गाठतो, तोच नीरेच्या डाव्या कालव्यावरच्या पंपालाही आजवर गाठत आला आहे. हा शत्रू म्हणजे पाण्यातून वाहत येणारा गाळाचा कण. त्याच्याशी झालेल्या झगड्याचा इतिहास कोणत्याही दफ्तरात स्वतंत्रपणे नोंदलेला नसला, तरी बारामती-इंदापूरच्या भूमीवर तो पुष्कळसा उलगडता येतो.

1876 ते 1878 च्या दुष्काळाने मुंबई इलाख्याचा पूर्वभाग होरपळून निघाल्यानंतर सरकारने भाटघरला धरण आणि वीरला बंधारा बांधण्याची तजवीज केली व 1885 च्या सुमारास हा डावा कालवा वाहता झाला. कालव्याच्या पाण्यामागोमाग ऊस आला, सासवडकडचे माळी बागाईतदार आले आणि गुऱ्हाळे पेटली. परंतु जिथे पाटाचे पाणी चढत नव्हते तिथे विहिरीवर पूर्वापार मोटच चालत राहिली. धावेवरून उतरणारे बैल, ताणलेला नाडा, सैल सुटणारे सोंदूर आणि थारोळ्यात रिती होणारी कातड्याची मोट, एवढ्या साऱ्या सरंजामात बंद घराबाहेर डोकावणारा एकही फिरता दांडा नव्हता. म्हणून पाणी स्वच्छ असो की गढूळ, मोटेचे त्यामुळे फारसे बिघडत नसे. चिखल जसा वर येई तसाच पाटातून शिवारात पसरे आणि तिथे तो उपकारकच ठरे.

किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात 1926 मध्ये सेंट्रिफ्युगल पंप तयार झाला, त्याच्या आगेमागे तेलावर चालणारी इंजिने खेड्यांत पोहोचली, आणि मोटेच्या काळी नसलेली एक अडचण त्यांच्याबरोबर आली. पंपाच्या घराबाहेरून फिरवला जाणारा शाफ्ट ज्या छिद्रातून आत शिरतो, तिथून पाणी बाहेर निसटू नये आणि हवा आत ओढली जाऊ नये, यासाठी ग्रॅफाइट लावलेल्या दोरीचे वेढे ठासून वरून ग्लँड म्हणजे दोरी दाबून धरणारी कडी आवळावी लागते. काळ्या रानातली चिकण माती स्वभावतः मऊ; तिच्यासोबत वाहत येणारी गारगोटीची बारीक कणी मात्र पोलादालाही ओरखडे पाडते. अशी कणी दोरीत रुतून बसली की दोरीच कानशीसारखी शाफ्ट कातू लागते. पाणी उडू लागले की नवखा माणूस ग्लँड आणखी आवळतो, त्यामुळे दोरी तापते, करपते, आणि शाफ्टवर बोटाला जाणवेल अशी खोल खाच पडते. अनुभवी फिटर ग्लँडमधून थेंब थेंब पाणी मुद्दाम टपकू देतो, कारण तेच पाणी दोरीला गार ठेवते.

जहाजांनी ही परीक्षा आधीच दिली होती. मळसूत्री पंखा फिरवणारा दांडा जिथून जहाजाच्या पोटातून बाहेर पडतो, तिथले पितळी बेअरिंग झपाट्याने झिजत असे. 1854 मध्ये जॉन पेन या इंग्रज अभियंत्याने तिथे लिग्नम व्हाइटी या अतिकठीण व तेलकट लाकडाच्या पट्ट्या बसवल्या आणि समुद्राच्या पाण्यालाच वंगणाचे काम दिले. उथळ व गढूळ बंदरात शिरताना तळाशी असलेले पाण्याचे तोंड बंद करून बाजूचे उंचावरचे तोंड उघडावे, ही जहाजावरच्या इंजिनखान्याची शिस्त आहे. गाळ मशिनपर्यंत पोहोचूच न देणे हा तिच्यातला शहाणपणा.

जहाज आणि ऊस हे या कथेचे दोन्ही धागे एकाच पुरुषाच्या चरित्रात गुंफलेले दिसतात, याचे मला विशेष अप्रूप वाटते. उद्योगपती वालचंद हिराचंद यांच्या सिंदिया जहाज कंपनीचे 'लॉयल्टी' जहाज 1919 च्या एप्रिलमध्ये मुंबईहून विलायतेस निघाले. विशाखापट्टणमला त्यांच्या जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी 1941 मध्ये झाली आणि तिथे बांधलेले 'जलउषा' जहाज 1948 मध्ये पाण्यात उतरले. याच वालचंदांनी 1930 नंतरच्या दशकात इंदापूर तालुक्यातील कळंबच्या माळावर उसाचे मळे आणि साखर कारखाना उभारून वालचंदनगर वसवले.

पुढे सहकाराच्या लाटेत भवानीनगरला श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना उभा राहिला. साखर कारखाना म्हणजे गढूळ द्रवांचेच राज्य: उसाबरोबर आलेली माती मिसळलेला रस, चुन्याचे दूध, गाळणीवरचा चिखल. असे द्रव ओढणाऱ्या पंपावर दोरी भरण्यात कसब असते. वेढे तिरपे कापायचे, त्यांचे सांधे एकाखाली एक येऊ द्यायचे नाहीत, आणि मधोमध भोके असलेली लँटर्न रिंग अशी बसवायची की बाहेरून येणारी स्वच्छ पाण्याची नळी नेमकी तिच्यावर उघडेल. त्या पाण्याचा दाब आतल्या दाबापेक्षा थोडा जास्त असला पाहिजे. मग स्वच्छ पाणीच आत सरकत राहते आणि गाळाला दोरीपर्यंत वाट उरत नाही.

दोरीच्या जागी आता अनेक पंपांत मेकॅनिकल सील आले आहे. त्याच्या दोन गुळगुळीत चकत्यांमध्ये पाण्याचा जो पापुद्रा असतो तो एका मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे केसाच्या जाडीच्या तुलनेत नगण्य. त्यात कण शिरला की चकती ओरखडते. सिलिकॉन कार्बाइडच्या कठीण चकत्या पुष्कळ काळ टिकतात खऱ्या, पण कठीणपणावर सारी भिस्त ठेवणे मला अपुरे वाटते. कठीण वस्तूही शेवटी झिजतेच. स्वच्छ पाण्याची नळी मात्र गाळामुळे होणारी झीज सुरूच होऊ देत नाही.

उजनी धरणाच्या फुगवट्यावर, इंदापूरच्या उत्तर अंगाला, उन्हाळ्यात पाणी ओसरू लागले की शेतकरी मोटारी पुढे पुढे सरकवतात आणि ओढनळीच्या तोंडाचा फूटव्हॉल्व्ह चिखलाला टेकतो. नवे सील घेण्याचा खर्च दरवर्षी सोसण्यापेक्षा फूटव्हॉल्व्ह तळापासून उंच टांगावा, गाळ बसण्यासाठी छोटी टाकी बांधावी आणि तिच्यातून दाबाखाली एक बारीक नळी ग्लँडपर्यंत आणावी. उपसा सिंचनाच्या सहकारी संस्थांनी नव्या पंपाच्या अंदाजपत्रकातच या नळीची तरतूद करावी, एवढेच माझे मागणे आहे.