पटकी आणि पेशीच्या दारचा निरोप्या

कार्ल्याचे चैत्यगृह पाहायला येणारा माणूस शेजारच्या एकवीरेपुढे हात जोडल्याखेरीज सहसा परतत नाही. चैत्रात तर कोकणातली कोळी-आगरी मंडळी पालख्या घेऊन हा डोंगर चढतात. पण महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांच्या वेशीवर आणखी एक देवी बसलेली आहे. ती मरीआई. पटकीची साथ आली की लोक तिचा गाडा शेजारच्या गावच्या शिवेत नेऊन सोडीत. ते गाव तो पुढे ढकली. घरातले धडधाकट माणूस सकाळी आजारी पडून रात्री जाई, तेव्हा भ्यालेल्यांनी दुसरे काय करावे?

रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यास या रोगाचा जंतू पक्का ओळखला. पण तो जंतू आतड्याची भिंत फोडीत नाही. मग तासाला लिटरभर पाणी शरीरातून जाते कसे? १९५९ साली कलकत्त्याच्याच शंभुनाथ डे यांनी जंतू गाळून काढलेले द्रव सशाच्या आतड्यात घातले, तरी आतडे पाण्याने भरले. म्हणजे करणी विषाची होती!

मी कादंबऱ्या लिहिणारा मास्तर. मला यातली खरी गंमत वाटते ती पुढे. आपल्या शरीरातली पेशी म्हणजे बंद दारांचे घर. ॲड्रिनलिनसारखा पाहुणा आत शिरतच नाही. तो दारावरच्या ग्राहकाला भेटतो, ग्राहक आतल्या बाजूच्या जी-प्रथिनाला जागे करतो, आणि त्याच्या सांगण्यावरून घरात ‘सायक्लिक एएमपी’ नावाचा निरोप्या धावू लागतो. हा निरोप्या अर्ल सदरलँड यांनी शोधला. त्यांना १९७१ चे नोबेल मिळाले. जी-प्रथिनाबद्दल गिलमन व रॉडबेल यांना १९९४ साली, तर ग्राहकांबद्दल लेफ्कोविट्झ व कोबिल्का यांना २०१२ साली तोच मान लाभला.

निरोप पोचला की जी-प्रथिन आपोआप झोपी जाते. पटकीचे विष नेमकी ही झोप उडवते. ते पेशीला बाहेरून चिकटते, त्याचा एक तुकडा आत जातो आणि जी-प्रथिनाला कायमचे जागे ठेवतो. निरोप थांबत नाही. क्षार बाहेर पडतात, त्यांमागून पाणी.

सुदैवाने साखर आणि मीठ जोडीने आत घेणारे दुसरे दार विषाला बंद करता येत नाही. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच दाराने हजारो जीव वाचवले; तिथले मृत्यू शेकडा चाराच्या आत आले.

तेव्हा, वाचकहो, फराळाच्या गडबडीतही एवढे माप घरात सर्वांना पाठ असू द्या: एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. जुलाब लागताच ते घोट-घोट पाजीत राहावे आणि डॉक्टरांना गाठावे. आता गाडा कोणाच्या शिवेत ढकलायला नको.