‘फॉरमॅट मारा लागते’ : एका निळ्या पडद्याची बखर

बुलढाण्याहून राजूर घाट उतरून मलकापूरकडे निघाले की वाटेत मोताळा लागते. तालुक्याचे ठिकाण, पण रेल्वे गाठायची तर मलकापूर आणि जिल्ह्याचे काम असेल तर घाट चढून बुलढाणा. या शतकाच्या पहिल्या दशकात अशा गावांत संगणक आला तो एमएस-सीआयटीच्या वर्गांतून आणि लग्नपत्रिका, अर्ज, स्मरणिका टंकित करून देणाऱ्या दुकानांतून. त्याच्यासोबत एक वाक्यही आले. संगणक सुरू होईनासा झाला की दुरुस्तीवाला पडद्याकडे पाही, मान हलवी आणि म्हणे, "फॉरमॅट मारा लागते, भाऊ." वैद्याने नाडी न बघताच चिता रचायला सांगावे, तसा हा निवाडा असे. पुष्कळदा तो बरोबरही असे. परंतु एका विशिष्ट आजारात तो साफ चुकीचा होता आणि त्या चुकीपायी किती घरांतले, किती दुकानांतले मराठी मजकूर पुसले गेले याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. प्रस्तुत लेख त्या आजाराविषयी आहे.

लक्षण असे : संगणक चालू होतो, विंडोजचे बोधचिन्ह झळकते, क्षणभर वाटते की सारे ठीक आहे, आणि मग निळा पडदा येऊन यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. निळ्या पडद्यावर दोष-क्रमांकाच्या शेवटी ‘७बी’ अशी अक्षरे असतात. त्याचा अर्थ, ज्या साठवणीवरून मी सुरू झालो तिच्यापर्यंत मला आता पोहोचता येत नाही. हे विधान जरा विचित्र नाही का? बोधचिन्ह कोठून आले? त्याच हार्ड डिस्कवरून. म्हणजे क्षणापूर्वी जी वाचता येत होती, ती क्षणानंतर वाचता येत नाही. या एका विसंगतीतच सगळे रहस्य आहे. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१९८० साली सीगेट कंपनीने ५ मेगाबाइटची एसटी-५०६ ही लहान आकाराची हार्ड डिस्क काढली. १९८३च्या आयबीएम पीसी एक्सटीत १० मेगाबाइटची डिस्क आली. त्या काळी डिस्क मुकी असे. तिचे डोके, म्हणजे नियंत्रक, वेगळ्या कार्डावर असे. १९८६च्या सुमारास कॉम्पॅक आणि वेस्टर्न डिजिटल यांच्या प्रयत्नांतून हे डोके डिस्कच्याच अंगावर बसवले गेले आणि त्या पद्धतीला आयडीई हे नाव मिळाले. १९८४च्या आयबीएम पीसी एटी या यंत्राला जोडायची म्हणून तिचे प्रमाणित नाव एटीए झाले. ते प्रमाण रीतसर संमत व्हायला मात्र १९९४ उजाडले. चाळीस पिनांची ती रुंद, पट्ट्यासारखी केबल ज्यांनी संगणक उघडून पाहिला आहे त्यांना आठवत असेल. एका केबलवर दोन डिस्का, एक मालक आणि एक चाकर, आणि कोण मालक ते ठरवायला इवलेसे प्लॅस्टिकचे जंपर. ते जमिनीवर पडले की सापडत नसत.

त्या काळी डॉस ही कार्यप्रणाली डिस्कशी स्वतः बोलत नसे. मदरबोर्डवरच्या चिपेत कोरलेली बायॉस नावाची आज्ञावली तिचे सगळे निरोप पोहोचवी. नियंत्रक कोणताही असो, बायॉसला तो ओळखता आला म्हणजे झाले. १९९५च्या विंडोजने स्वतःचे चालक, म्हणजे ड्रायव्हर, आणले. पण योग्य चालक मिळाला नाही तर ती निमूटपणे जुन्या वाटेला लागे आणि बायॉसमार्फत, कूर्मगतीने का होईना, काम चालू ठेवी. विंडोज एनटीच्या घराण्याने (१९९३) मात्र ही कुबडी फेकून दिली. सुरुवातीचा टप्पा बायॉसच्या हाताने. गाभा आणि आरंभीचे चालक स्मृतीत आले की बायॉसला निरोप, पुढे सारा कारभार आपल्या चालकांच्या हाती. २००१ साली एक्सपीच्या रूपाने हे घराणे घरोघर आले.

आता ती विसंगती उलगडते. बोधचिन्हापर्यंतची वाट बायॉसने दाखवलेली असते. हवाली देण्याच्या क्षणी विंडोज आपला चालक पुढे करते आणि समोर पाहते तो नियंत्रक भलताच. त्याची भाषा येणारा चालक कदाचित डिस्कवर असतोही, पण डिस्क वाचायलाच तर चालक हवा. किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप, अशी ही गत. डिस्क शाबूत, विंडोज शाबूत, मजकूर शाबूत. फक्त दोघांची ओळख तुटलेली.

नियंत्रक ‘भलताच’ कसा होतो? २००३च्या सुमारास रुंद पट्ट्याच्या जागी सेटा ही अरुंद केबल बाजारात येऊ लागली. केबल बदलली तरी जुन्या कार्यप्रणाली बदलल्या नव्हत्या, म्हणून नव्या नियंत्रकाने जुन्याचे सोंग घ्यायचे ठरले : मी आयडीईच आहे, असे तो सांगे. २००४ साली इंटेलने एएचसीआय नावाचा नवा करार जाहीर केला. त्यात सोंग नव्हते. एका डिस्कला एकाच वेळी ३२ कामे सांगून ठेवता येत आणि डिस्क ती आपल्या सोयीच्या क्रमाने उरकी. टपालवाला आधी गल्लीवार पत्रे लावून घेतो, तसे. चालू यंत्रातून डिस्क काढण्या-घालण्याचीही सोय झाली. मदरबोर्डवाल्यांनी मग बायॉसमध्ये एक ओळ घातली, ‘सेटा मोड’, आणि तिच्यापुढे पर्याय : आयडीई, एएचसीआय, रेड. नियंत्रक तोच, पण त्याने कोणत्या वेषात उभे राहायचे ते या ओळीवर ठरे.

एक्सपीला एएचसीआय मुळात ठाऊकच नव्हते. ती बसवताना एफ६ कळ दाबून फ्लॉपीवरून चालक द्यावा लागे, आणि तोवर फ्लॉपीच्या खाचाच यंत्रांतून नाहीशा होत चालल्या होत्या! त्यामुळे आपल्याकडे सोपा मार्ग रूढ झाला. व्हिस्टासह आलेल्या नव्या संगणकात मोड आयडीईवर आणायचा आणि वर एक्सपी टाकायची. याला निव्वळ आळस म्हणता येणार नाही. मराठी टंकनाची कित्येक जुनी सॉफ्टवेअरे व्हिस्टावर रुसून बसत. ज्यांची उपजीविका श्रीलिपी, आकृती किंवा सी-डॅकच्या आयएसएमवर चालत होती, त्यांना कार्यप्रणाली म्हणजे केवळ विंडोज नव्हे. त्यांत टंक, कळफलकाची मांडणी, परवान्याचे आकडे, पेजमेकरची बसलेली घडी असे सगळे आले. युनिकोड तेव्हा दुकानांत रुळला नव्हता. टंक गेला तर जपून ठेवलेली फाइलही अगम्य चिन्हांची रांगोळी होई. पुन्हा विंडोज टाकण्याची धास्ती मुंबई-पुण्याच्या हौशी संगणकवाल्यापेक्षा मोताळ्याच्या टंकनवाल्याला अधिक होती, ती यामुळे.

हा मोड बायॉसच्या स्मृतीत राहतो, आणि ती स्मृती राखते मदरबोर्डवरचा रुपयाएवढा गोल बटन सेल. संगणकाला भिंतीतून वीज मिळत असेल तोवर सेलवर भार पडत नाही. वीज तुटली की सगळी भिस्त त्याच्यावर. ज्या वर्षांत ग्रामीण महाराष्ट्र बारा-बारा तासांचे भारनियमन सोसत होता, त्या वर्षांत हे सेल अकाली मरू लागले, यात नवल ते काय? सेल मेला की तारीख मागे जाऊन बसे, हे सर्वांना ठाऊक होते. हसून ती दुरुस्तही केली जाई. पण तारखेबरोबर मोडही कारखान्याच्या मूळ स्थितीला, बहुधा एएचसीआयवर, परत जातो हे फारच थोड्यांना ठाऊक होते. मग बोधचिन्ह, निळा पडदा आणि तो निवाडा.

२०११ साली मी स्वतः हे भोगले आहे. आजोबांच्या वहीतला मजकूर, सुमारे दीडशे पाने, मी एका दुकानात टंकायला दिला होता. वही त्यांच्याच हातची, वऱ्हाडी बोलीतली, त्यात नळगंगेच्या काठचे जुने दिवस. टंकन संपत आले आणि एका सकाळी तो संगणक ‘गेला’. दुरुस्तीवाला आला, त्याने फॉरमॅट मारला, पुन्हा एक्सपी टाकली आणि काम झाले म्हणून पैसे घेऊन गेला. जाताना त्याने आपुलकीने घड्याळही लावून दिले, कारण तारीख २००२ सालची झाली होती. वही सुदैवाने घरीच होती, पण तिची मधली पाने वाळवीने खाल्ली होती आणि त्या पानांचे वाचन टंकणाऱ्या मुलाने आजोबांना विचारविचारून पुरे केले होते. २०११च्या त्या दिवशी आजोबा हयात नव्हते. घड्याळाचा आणि निळ्या पडद्याचा संबंध मला पुढे तीन वर्षांनी कळला. त्या गृहस्थाला दोष देण्याची इच्छा नाही. त्याला जे शिकवले होते ते त्याने केले. बायॉसमध्ये जाऊन एक ओळ बदलली असती तर दोन मिनिटांत यंत्र उठून बसले असते, एवढेच.

ज्यांना उलट दिशेने जायचे होते, म्हणजे आयडीईवर बसवलेली विंडोज पुन्हा न टाकता एएचसीआयवर न्यायची होती, त्यांचा इतिहास निराळा आहे. आपल्याकडे जमिनीची रजिस्ट्री होते पण फेरफार होत नाही, आणि मग सातबाऱ्यावर जुनेच नाव राहते, हा अनुभव कोणाला नवा नाही. विंडोजच्याही एका मोठ्या नोंदवहीचे नाव रजिस्ट्रीच आहे आणि तिथेही खोळंबा फेरफाराचाच असतो. व्हिस्टात (२००७) एएचसीआयचा चालक आला, ‘एमएसएएचसीआय’ या नावाने. पण बसवताना जो नियंत्रक समोर दिसला नाही त्याचा चालक विंडोज निजवून ठेवी, हेतू हा की सुरुवात जलद व्हावी. रजिस्ट्रीत प्रत्येक चालकासमोर ‘स्टार्ट’ नावाचा आकडा असतो : ० म्हणजे अगदी आरंभी उठ, ३ म्हणजे हाक मारल्यावर ये, ४ म्हणजे येऊच नकोस. या चालकाचा आकडा ० करायचा, संगणक बंद करायचा, बायॉसमध्ये मोड बदलायचा. विंडोज उठते, नवा नियंत्रक पाहून किंचित गडबडते, आणखी एकदा सुरू करू द्या म्हणते आणि पुढे निमूट चालते. मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या मदतपानावर हा उपाय दिला होता. आधी मोड बदलून निळा पडदा ओढवला असेल तरी बिघडत नाही. मोड मागे न्यायचा, आकडा बदलायचा, पुन्हा पुढे यायचे. गावाची पुनर्मोजणी न करता एक फेरफार नोंदवला, की झाले.

एक्सपीसाठी हेच काम कष्टाचे होते, कारण तिथे निजलेला चालकही नव्हता. बाहेरून आणून बसवावा लागे आणि कोणत्या नियंत्रकाला कोणता चालक, ही नोंदही हाताने करावी लागे. विंडोज ८पासून (२०१२) चालकाचे नाव ‘स्टोरएएचसीआय’ झाले आणि रीत सोपी झाली. एमएसकॉन्फिगमधून ‘सेफ बूट’ची खूण करायची, पुढच्या सुरुवातीला मोड बदलायचा, सुरक्षित अवस्थेत यंत्र उठले की खूण काढून टाकायची. मात्र तेव्हा पिन चालेलच असे नाही, खात्याचा मूळ पासवर्ड ठाऊक हवा. आणि बिटलॉकर चालू असेल तर ते सुटकेची किल्ली मागू शकते, ती आधीच जवळ असावी. लिनक्सच्या जगात हा प्रश्न फारसा छळत नसे, कारण तिथे आरंभीच्या गाठोड्यात बहुतेक चालक बांधून दिलेले असतात. तिथली अडचण नावाची : जुन्या काळी कालची ‘एचडीए’ आज ‘एसडीए’ होई. डिस्कच्या नावाऐवजी तिच्या कायम ओळख-क्रमांकाची नोंद ठेवू लागल्यावर तीही मिटली.

इतके करून लाभ काय, हा प्रश्न रास्त आहे. एकच फिरती डिस्क असलेल्या, पत्रिका टंकणाऱ्या यंत्राला एएचसीआयने फार वेग आला असे मला कधी जाणवले नाही. त्या काळी या मोडबदलाचा जो गाजावाजा झाला, तो बराचसा आकडे मोजण्याची हौस असणाऱ्यांचा होता. आपल्या दुकानांना विद्या हवी होती ती वेगाची नव्हे, ओळखण्याची : हा निळा पडदा मृत्यूचा आहे की निव्वळ अनोळखीपणाचा?

एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली, विंडोज ७ची १४ जानेवारी २०२० रोजी. आयडीईचे सोंग घेणारे नियंत्रकही नव्या मदरबोर्डांवरून गेले. पण नाटक बंद झालेले नाही, पात्रे तेवढी बदलली. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपांत व्हीएमडी नावाचा एक नवा पडदा एनव्हीएमई डिस्कपुढे असतो. विंडोज टाकायला गेले तर ती ‘एकही डिस्क दिसत नाही’ असे सांगते, आणि चालक पेनड्राइव्हवरून द्यावा लागतो. एफ६ आणि फ्लॉपीचीच ही पुनरावृत्ती. उलट, चालत्या यंत्रात कोणी तो पडदा बायॉसमधून काढला, तर तोच ‘७बी’ पुन्हा भेटू शकतो. मोताळ्यात अलीकडेच एका विद्यार्थ्याच्या लॅपटॉपबद्दल "डिस्क उडाली" असे मी ऐकले, तेव्हा आधी बायॉस उघडून पाहायला सांगितले. डिस्क जागेवर होती.

आमच्या घरच्या जुन्या संगणकाच्या खोक्याला आतल्या बाजूने आता एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. तिच्यावर सेल बदलल्याची तारीख आहे आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिले आहे : ‘मोड आयडीई. तारीख मागे गेली तर आधी हे पाहा. फॉरमॅट मारू नका.’