सुट्या भागांचा संगणक

श्रोतेहो, गाडीचे चाक एका गावच्या सुताराकडून आणि आस दुसऱ्या गावच्या लोहाराकडून करून घ्यायचा असेल, तर दोघांनाही एकच माप आधी सांगून ठेवावे लागते. संगणकाचेही तसेच आहे. तयार यंत्र घेण्याऐवजी सुटे भाग आणून रोजच्या वापराचा संगणक घरीच जोडावा, असे पुष्कळ शिक्षकांना आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलांना वाटते. हौस चांगली आहे. पण पैसे मोजण्यापूर्वी आपल्या पुण्यातच घडलेली एक मोठी जुळणी ऐकून घ्या.

१९८० नंतरच्या दशकात भारताला महासंगणक हवा होता. अमेरिकेने क्रे कंपनीचे हवे ते यंत्र नाकारले. दिले ते कमी ताकदीचे, हवामानाच्या गणितापुरते आणि अटी घालून. तेव्हा १९८८ साली पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, निघाले. त्याची धुरा अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावी जन्मलेल्या डॉ. विजय भटकरांकडे होती. १९९१ साली ‘परम ८०००’ तयार झाला.

आता यातली मौज पाहा. परमची मुख्य चिप काही पुण्यात घडली नव्हती. इंग्लंडच्या इनमॉस कंपनीची टी-८०० नावाची, बाजारात मिळणारी चिप इथल्या मंडळींनी निवडली. निवडली ती का? तर तिच्या अंगालाच चार दुवे होते. एकीचा दुवा दुसरीला जोडावा, दुसरीचा तिसरीला, की चिपा आपसांत बोलू लागत. अशा चौसष्ट चिपा एकत्र कामाला लावल्या. एकेकटी चिप काही फार बलवान नव्हती. गणित वाटून देणारी आज्ञावली आणि सारी बांधणी मात्र इथली, आणि माझ्या मते खरे शहाणपण त्या निवडीत व त्या बांधणीत होते.

या निवडीला दुसरी बाजूही होती, बरे का. इनमॉसची पुढची चिप, टी-९०००, रखडत गेली. मग सी-डॅकला पुढच्या यंत्रांत आधी इंटेलची आय-८६० आणि १९९४ च्या ‘परम ९०००’ मध्ये सन कंपनीची स्पार्क चिप घ्यावी लागली. भाग आज जुळतो एवढे पाहून भागत नाही; त्याच्या पुढच्या पिढीला आपल्या यंत्रात जागा आहे का, हेही विचारावे लागते.

घरगुती संगणकाला सुटे भाग जोडण्याची वाट १९८१ साली मोकळी झाली. आयबीएम कंपनीने घाईने आपला पीसी बाजारात आणताना बरेचसे भाग बाहेरून घेतले आणि आतल्या रचनेची माहिती पुस्तकात छापून दिली. झाले! कोणीही त्या खाचेत बसेल असे कार्ड करू लागला. आयआयटी कानपूरला सुरू झालेले आणि सी-डॅकने पुण्यात पुढे नेलेले ‘जिस्ट’ कार्ड हे त्यांतलेच. ते खाचेत बसवले की इंग्रजी पीसीच्या पडद्यावर देवनागरी उमटे.

पण खाचेत बसते ते जुळतेच असे नाही. १९९९ साली एएमडी कंपनीने आपल्या प्रोसेसरसाठी जी लांबट खाच काढली, ती इंटेलच्या खाचेसारखीच दिसे, फक्त उलटी फिरवलेली. विजेच्या दृष्टीने मात्र दोन्ही अगदी निराळ्या. आजही हा घोळ आहेच. डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या दोन्ही मेमरीपट्ट्यांना २८८ टोके असतात, पण मधली खाच थोडी सरकवलेली असते. तेव्हा पट्टी बसत नसेल तर जोर लावू नका. ती त्या बोर्डाची नव्हेच.

म्हणून आधी प्रोसेसर ठरवा, मग त्याच्या बैठकीचा मदरबोर्ड, आणि त्या बोर्डाला चालेल तीच मेमरी. एएमडीच्या २०१६ च्या एएम-४ बैठकीत २०२२ च्या एएम-५ चा प्रोसेसर बसणार नाही. इंटेलच्या क्रमांकाच्या शेवटी ‘एफ’ असेल, तर पडद्यावर चित्र उमटवणारी यंत्रणा आत नसते. वेगळे ग्राफिक्स कार्ड न घेतल्यास पडदा काळाच राहील. लिहिणे, हिशेब, मुलांचे धडे एवढ्यासाठी तो खर्च कशाला? पॉवर सप्लाय मात्र स्वस्तातला घेऊ नका; आमच्याकडच्या खालीवर होणाऱ्या विजेत तो सगळ्यांत आधी मान टाकतो.

एक गोष्ट बहुतेकजण विसरतात. बैठक तीच असूनही जुना बोर्ड नव्या प्रोसेसरला ओळखत नाही, कारण बोर्डातली बायॉस नावाची आज्ञावली जुनी असते. बोर्ड करणारी कंपनी कोणता प्रोसेसर कोणत्या बायॉसवर चालतो याची यादी देते. बुधवार पेठेत तापकीर गल्लीत जा की तालुक्याच्या दुकानात, ती यादी दुकानदाराला समोर उघडायला सांगा, आणि पावतीवर प्रत्येक भागाचा पूर्ण क्रमांक लिहून घ्या.