कौल : चिन्ह, सभा आणि गूढ

मध्ययुगीन कल्पित विश्वावर उभ्या राहिलेल्या कादंबऱ्यांत आणि भूमिका-खेळांत भविष्यवेत्त्यांचा गुप्त पंथ ही आता एक ठरीव आकृती झाली आहे. १९७४ साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला आणि पुढील दशकांत अशा खेळांचे एक विस्तृत वाङ्मयच तयार झाले. त्यांतील हे पंथीय नव्या धर्माच्या रेट्यापुढे मागे हटलेल्या जुन्या देवांचे उपासक असतात. ते रानात किंवा समुद्राकाठच्या गुहेत जमतात, शकुन वाचतात आणि जे कळते ते आपल्यापुरतेच राखतात. या आकृतीमागे दोन गृहीतके आहेत. चिन्हे वाचण्याची विद्या स्वभावतःच गुप्त असते, हे पहिले; आणि ती समाजाच्या कडेला, सत्तेपासून दूर नांदते, हे दुसरे. युरोपच्या प्राचीन साधनांतही ही गृहीतके टिकत नाहीत. टॅसिटसने इ. स. ९८ च्या सुमारास जर्मन टोळ्यांविषयी लिहिताना फळझाडाच्या फांदीचे तुकडे टाकून कौल घेण्याची रीत वर्णिली आहे. तीत प्रश्न सार्वजनिक असेल तर टोळीचा पुरोहित आणि खाजगी असेल तर कुटुंबप्रमुख चिन्ह वाचतो. म्हणजे भेद आहे तो सार्वजनिक आणि खाजगी यांतला. उघड आणि गुप्त यांतला नव्हे.

दक्षिण कोकणातील गावरहाटी ही या दृष्टीने अभ्यासण्याजोगी संस्था आहे. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळ्या झालेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवण, कुडाळ, वेंगुर्ले, सावंतवाडी या भागांतील गावे आजही देवाला प्रश्न विचारतात. रवळनाथ, सातेरी, पावणाई, भूमिका, वेतोबा ही दैवते येथे सुटी सुटी नसतात. त्यांचा एक संच असतो, त्याला क्रम असतो, आणि त्या क्रमाला जोडून गावातील घराण्यांचे मानही ठरलेले असतात. 'बारापाच' या शब्दात देवांचे आणि मानकऱ्यांचे मंडळ एकदमच सूचित होते. सातेरीचे मूळ रूप वारूळ. रा. चिं. ढेरे यांनी 'लज्जागौरी' (१९७८) या ग्रंथात वारुळाचा संबंध मातृदेवतेच्या सर्जनशील देहाशी जोडून दाखविला, तेव्हा या दैवतमंडळाची प्राचीनता मराठी वाचकापुढे ठसठशीतपणे आली. तथापि वारूळ ही केवळ प्राचीन प्रतिमा नाही. ती गावाच्या चालू व्यवहारात बोलणारी, निदान विचारली जाणारी, सत्ता आहे.

विचारण्याची रीत अशी : मूर्तीच्या अंगावर ठरलेल्या जागी फुलांच्या पाकळ्या, कळे किंवा भिजवलेले तांदूळ चिकटवतात. मानकरी गाऱ्हाणे घालतो, प्रश्न मांडतो आणि जमलेले लोक वाट पाहतात. सामान्यतः उजवी बाजू सुटली तर होकार, डावी सुटली तर नकार. जागांचे तपशील देवळागणिक बदलतात. दुसरी रीत अवसराची, म्हणजे देवाच्या अंगात येण्याची. दसऱ्याला सावंतवाडीच्या परिसरात लुगडी नेसवलेले उंच तरंग निघतात, तेव्हा अंगात वारे आलेल्या व्यक्तीला लोक चारचौघांत प्रश्न विचारतात. दोन्ही रीतींत समान आहे तो भोवतालचा समूह. प्रश्न सर्वांच्या कानांवर पडतो आणि उत्तर सर्वांच्या डोळ्यांदेखत मिळते.

या व्यवहाराचा शब्दसंग्रहच त्याच्या स्वरूपाची साक्ष देतो. 'कौल' हा अरबीतून आलेला शब्द. मूळ अर्थ उक्ती, वचन. मराठी राज्यकारभारात कौल म्हणजे रयतेला दिलेले अभयपत्र. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्याला, परागंदा झालेल्या कुळाला परत बोलावताना सरकार 'कौल' देई, आणि त्या कागदाला 'कौलनामा' म्हणत. 'गाऱ्हाणे' हाही मुळात दरबारी फिर्यादीचा शब्द. 'मानकरी' आणि 'हुकूम' यांची जातकुळी तीच. देवाशी बोलण्याची ही परिभाषा मंत्रशास्त्रातून उचललेली नाही; ती कचेरीतून आली आहे. भक्ताची भूमिका येथे शरणागत मुमुक्षूची नसून हक्क सांगणाऱ्या रयतेची आहे. देवाने वचन द्यावे आणि दिलेले पाळावे, अशी ही अपेक्षा आहे. गुप्त पंथाच्या भाषेशी तिचे नाते फार दूरचे ठरते.

मग गूढतेची छाया या संस्थेवर पडली कोठून? तिचा एक उगम गोव्याच्या इतिहासात आहे. पोर्तुगीज अंमलाखालील जुन्या काबिजादीत सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली. साष्टीत १५६७ मध्ये हा विध्वंस मोठ्या प्रमाणावर झाला. १५६० मध्ये स्थापन झालेले इन्क्विझिशन १८१२ पर्यंत टिकले. मंगेशी, शांतादुर्गा यांसारखी दैवते फोंड्याकडे हलविली गेली. जेथे देवाला प्रश्न विचारणे हाच अपराध ठरतो, तेथे विचारणे झाकून करावे लागते. हे गूढ विद्येच्या स्वभावातून आलेले नाही, ते बंदीहुकमाने लादलेले आहे. सीमेच्या उत्तरेस, सावंतांच्या आणि मराठ्यांच्या अंमलाखाली, तोच कौल देवळाच्या सभामंडपात उघडपणे लागत राहिला. एकाच संस्थेची ही दोन रूपे पाहिली म्हणजे 'गुप्त' या विशेषणाचे कर्तृत्व कोणाकडे जाते हे स्पष्ट होते.

दुसरा उगम वासाहतिक लोकसाहित्य-संकलनात आहे. ए. एम. टी. जॅक्सन या अधिकाऱ्याने गोळा केलेली सामग्री, १९०९ साली नाशिकात त्याचा वध झाल्यानंतर, आर. ई. एन्थोवेन याने संपादून कोकणाविषयीचा खंड १९१५ मध्ये प्रसिद्ध केला. सामग्रीचा स्रोत होता गावोगावचे शाळामास्तर आणि साधन होते प्रश्नावली. येथे एक अर्थपूर्ण विपर्यास घडला. गाव देवाला विचारीत होते, सरकार मास्तरांना विचारीत होते. आणि दुसऱ्या प्रश्नाने पहिल्याची मोडतोड केली. निसर्गपूजा, भुतेखेते, रोगनिवारण, चेटूक अशा कप्प्यांत उत्तरे विभागली गेल्यामुळे कौलाचे गावकीशी, जमिनीशी, मानपानाशी असलेले नाते गळून पडले आणि उरल्या त्या विचित्र समजुती. हा खंड आजही मोलाचा आहे. परंतु त्याची मांडणी हीसुद्धा एक वाचनपद्धती आहे, हे विसरता येत नाही.

मराठी साहित्याने या सामग्रीचे काय केले, हा समीक्षेच्या दृष्टीने कळीचा प्रश्न. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या 'कोंडुरा' (१९६६) या कादंबरीला वेंगुर्ल्याजवळच्या समुद्रकाठाचे नाव लाभले आहे. तिच्यात दैवी संकेत आहे; मात्र तो सभेसमोर येत नाही. तो एका माणसाला मिळतो आणि त्याचा अर्थ लावण्याचा भार त्या एकट्यावर पडतो. श्याम बेनेगल यांनी १९७८ मध्ये या कादंबरीवरून हिंदीत 'कोंडुरा' आणि तेलुगूत 'अनुग्रहम्' हे चित्रपट केले. त्यांत संकेताचा चुकीचा अर्थ एका निरपराध स्त्रीच्या जिवावर बेततो. कौलाची सार्वजनिक संहिता खानोलकरांनी अंतर्मुख केली, असे म्हणता येईल. यात गावरहाटीचे यथातथ्य चित्र शोधणे व्यर्थ आहे. पण सभेत जो प्रश्न उठत नाही तो या एकाकीपणात उठतो : चिन्ह खरे असले, तरी वाचणाऱ्याचे काय?

नेमक्या उलट दिशेने 'वस्त्रहरण' हे गंगाराम गवाणकरांचे नाटक जाते. १९८० साली रंगमंचावर आलेल्या या नाटकातून मच्छिंद्र कांबळींनी मालवणी गाऱ्हाणे मुंबईच्या प्रेक्षागृहात नेले. 'व्हय म्हाराजा' या प्रतिसादात गावाबाहेर पडलेला चाकरमानी पुन्हा काही क्षण सभेचा घटक होतो. येथे प्रश्न विनोदी आणि उत्तर अनावश्यक. तरी विचारण्याचे सामूहिक रूप मात्र शाबूत राहिले. खानोलकरांनी चिन्ह घेतले आणि सभा सोडली. गवाणकरांनी सभा घेतली आणि चिन्ह सोडले.

सभेचा हा गौरव मात्र बिनशर्त नव्हे. आचऱ्याची गावपळण हे सामूहिकतेचे विलक्षण उदाहरण आहे. रामेश्वराचा कौल मिळाला की सारे गाव गुरेढोरे घेऊन तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहते आणि परतण्यासाठी पुन्हा कौल घेते. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्राही पंचांगातील ठरीव तिथीला होत नाही. तिचा दिवस देवीला विचारून ठरतो. परंतु देवाला प्रश्न घालण्याचा अधिकार कोणाचा? तो ठरावीक घराण्यांचा आणि प्रायः पुरुषांचा. रहाटीत दलितांना मान होता तसा भारही होता, आणि त्या मानाची जागा वेशीने आखलेली होती. १९५६ च्या धर्मांतरानंतर महाराष्ट्रभर बौद्ध कुटुंबांनी गावकीची धार्मिक कामे नाकारली, तेव्हा कोणत्याही कौलाने कधी न विचारलेला प्रश्न माणसांनी विचारला होता. चिन्हव्यवस्थेचे खरे गूढ पाकळी कोणत्या बाजूस सुटते यात नसते. कोणता प्रश्न मांडताच येत नाही, यात ते असते.

अलीकडच्या कायद्यांनी नेमका हाच सांधा पकडला आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने देवाला विचारणे गुन्हा ठरविले नाही; अंगात दैवी शक्ती संचारल्याचे भासवून इतरांना भीती घालणे, धमकावणे हे गुन्हा ठरविले. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा, २०१७ मध्ये अमलात आलेला कायदा याच दिशेचे पुढचे पाऊल होय. चिन्ह राहो, पण त्याचा आधार घेऊन माणसाला सभेबाहेर काढता येऊ नये, असा या दोहोंचा एकत्रित आशय आहे.

निवडणुकीच्या निकालाला मराठी वृत्तपत्रे 'जनतेचा कौल' म्हणतात. हा शब्दप्रयोग केवळ अलंकार नाही. वचन मागणारी रयत, सर्वांसमक्ष मिळणारे उत्तर आणि ते उत्तर मानण्याची बांधिलकी हे तिन्ही घटक त्यात कौलाच्या जुन्या अर्थातून आले आहेत. भर पडली ती एकाच गोष्टीची, आणि ती निर्णायक आहे : येथे प्रश्न घालण्याचा मान कोणत्याही एका घराण्याकडे नाही. दक्षिण कोकणातील कौलाचे वाचन करताना गुप्त पंथाची आयती आकृती बाजूला ठेवली, तर ही संस्था तिच्या थोरवीसह आणि तिच्या वेशीसह दिसू लागते. उत्तर देणारा देव एकच असला, तरी विचारणारे कोण आहेत यावर त्या उत्तराचा अर्थ अवलंबून असतो.